वजाबाकीत सापडलेल्या वस्ताद

फोटो वस्तादांचाच होता. कॅमेऱ्यासमोर त्याच बसल्या होत्या, बटण आमच्या अण्णांनी दाबलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याचा एक कणही मी त्यात मिसळला नव्हता. तरीसुद्धा शुक्रवारी सकाळी तालमीतल्या आठ पोरींनी तो फोटो पाहिला आणि आठही जणींनी मला एकच प्रश्न विचारला, "ही बाई कोण गं?"

मग वस्ताद गेल्या कुठे?

आधी माझी ओळख सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण मधेच आली. मी गोदावरी कुंभार, वय वर्षं बारा, मुक्काम गडहिंग्लज. २०६७ साली सगळ्या आज्यांची नावं प्राजक्ता, ऋतुजा अशी आहेत आणि नातींची गोदावरी, भागीरथी. अण्णा म्हणजे माझे आजोबा, अक्षय कुंभार. ते पूर्वी एका मोठ्या दुर्बीण केंद्रात शास्त्रज्ञ होते. आकाशाचे फोटो स्वच्छ करून त्यात नवे तारे शोधायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बाजारपेठेत फोटो स्टुडिओ काढला. "तारे बघून झाले, आता माणसं बघतो," असं ते म्हणतात.

आमच्याकडे लख्ख नावाचा यंत्रमानव आहे. त्याला दोन हात आणि एक काचेचा डोळा आहे, आणि बोलतो असं की जणू सरकारी पत्रच वाचून दाखवतोय. फोटोवर काम करण्यासाठी त्याच्याकडे नऊशे साचे (आधीच ठरवून ठेवलेल्या बदलांचे संच) आहेत. साचा निवडायचा, की क्षणात फोटो चकाचक.

आता वस्तादांबद्दल. प्राजक्ता चौगुले या आमच्या गावच्या तालमीच्या वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणाऱ्या मुख्य गुरू. तालमीत एक रीत आहे. वस्ताद ज्या दिवशी तालीम पुढच्या माणसाच्या हाती सोपवतात, त्या दिवशी त्यांचा फोटो हौद्यासमोरच्या (कुस्तीच्या तांबड्या मातीच्या आखाड्यासमोरच्या) भिंतीवर लागतो. फोटोला हार घालत नाहीत, कारण फोटोतलं माणूस समोर धडधाकट उभं असतं. पण प्रत्येक नवा पैलवान मातीत पाय ठेवण्याआधी त्या ओळीतल्या सगळ्यांना नमस्कार करतो. भिंतीवर अकरा फोटो होते आणि अकराही मिशीवाले. बारावा फोटो पहिल्या बाईचा लागणार होता, येत्या रविवारी.

तो फोटो तयार करायला मिळावा म्हणून मी अण्णांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी ते म्हणाले, "बरं बाई, कर तू. मी मधे तोंड घालणार नाही."

मी हरखून गेले. लख्खसमोर फोटो ठेवला.

"बेचाळीस दोष आढळले आहेत. निवारण करावे काय?" लख्खनं विचारलं.

"कर बाबा, सगळे कर!"

त्यानं केले. मी वर 'सोनेरी सकाळ' हा साचा चढवला. वस्ताद कशा मऊ, गुळगुळीत, पिवळ्याधमक दिसायला लागल्या. मला वाटलं, आता गावात माझं नाव होणार.

नाव झालं, पण वेगळंच. शुक्रवारी वस्तादांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग हसून म्हणाल्या, "गोड दिसतीया बाई. पण हिनं जन्मात कुस्ती केलेली न्हाई."

पोरी खिदळल्या. वस्तादांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नगंस, लेकी. कष्ट घेतलंयस तू. माझ्या ओळखपत्राचा फोटो हाय की, त्योच मोठा करून लावू."

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी समजूत घातली म्हणून मला जास्त लागलं. ओळखपत्रावरचा फोटो मी पाहिला होता. त्यात त्या पाण्याखालून बघत असल्यासारख्या दिसत होत्या. त्या भिंतीवर तोच कायमचा लागणार आणि तोही माझ्यामुळे.

मी स्टुडिओत आले. अण्णांनी फोटो पाहिला आणि खो खो हसले. "वा! आता हिचं लग्न लगेच जमेल."

"हसू नका हो अण्णा! मी काहीच बाहेरून आणलं नाही त्यात. मग वस्ताद गेल्या कुठे?"

हा प्रश्न ऐकून अण्णांचं हसू थांबलं. असा प्रश्न विचारला की ते एकदम दुर्बीण केंद्रातले होतात. त्यांनी खुर्ची ओढली.

"फोटो कशाचा बनतो?"

"पिक्सेलचा (चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनी ठिपक्याचा)."

"आणि प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक आकडा. म्हणजे रंगासाठी तीन असतात, पण आपण सध्या फक्त उजेडाचा बघू. शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराशुभ्र. आता वस्तादांच्या भुवईतला वण घे. भोवतीच्या आठ ठिपक्यांचा आकडा एकशे ऐंशी आणि मधल्या वणाचा नव्वद. त्वचा गुळगुळीत करायची म्हणजे लख्ख काय करतो? नवांची सरासरी काढतो आणि ती मधल्या ठिपक्याला देतो. काढ बरं."

मी पाटीवर गणित मांडलं. आठ गुणिले एकशे ऐंशी, म्हणजे चौदाशे चाळीस. अधिक नव्वद, पंधराशे तीस. भागिले नऊ. "एकशे सत्तर!"

"नव्वदचा झाला एकशे सत्तर. शेजारी एकशे ऐंशी. आता वण दिसेल का?"

"नाही. शेजाऱ्यांच्यात मिसळून गेला."

"आता लख्खला वजाबाकी करायला सांग. मूळ फोटोतला प्रत्येक आकडा आणि नव्या फोटोतला त्याच जागेचा आकडा, यांतला फरक काढायचा. जिथं काही बदललं नाही तिथं फरक शून्य, म्हणजे काळं दिसेल. जिथं बदललं तिथं उजळ. आम्ही कालच्या आणि आजच्या आकाशाची अशीच वजाबाकी करायचो. नवा तारा असला की तेवढाच चमकायचा."

लख्खनं "आज्ञेप्रमाणे" म्हणत वजाबाकी केली. पडदा आधी काळा झाला. मग त्या काळ्यातून भुवईतला वण वर आला. नाकाचं वाकलेलं हाड आलं. कपाळावरच्या तीन आठ्या आल्या. आणि दोन्ही बाजूंना, सगळ्यांत उजळ, दोन कान आले. फुगलेले, गोळा झालेले, पैलवानी कान.

मी ओरडलेच, "अण्णा, वस्ताद! या बघा इथं आहेत!"

मी फोटोत जे ठेवलं होतं ते कुणाचंही चाललं असतं. जे फक्त वस्तादांचं होतं, ते सगळं वजाबाकीत जाऊन बसलं होतं. मला फार लाज वाटली.

"पण लख्खनं कान का बदलले?" मी विचारलं. "कानाला काय धाड भरली होती?"

लख्खच म्हणाला, "मला एक कोटी चेहरे दाखवून शिकवण्यात आले. त्यांच्या सरासरीपेक्षा सदर कान फार भिन्न आहेत. फार भिन्न ते दोष, असा माझा नियम आहे."

"त्याचं काही चुकलं नाही," अण्णा म्हणाले. "तो बिचारा तालमीत कधी गेलाच नाही. तू तर रोज तालमीवरून शाळेला जातेस. मीही एकदा दुर्बिणीच्या फोटोतला एक ठिपका धूळ समजून पुसला होता. तो निघाला लघुग्रह. साहेबांनी मला महिनाभर ऐकवलं."

मी जरा सावरले. "मग मला चांगला साचा सांगा. तुमचे फोटो लोक लांबून ओळखतात. तुमची ती शैली लख्खमध्ये भरून द्या की!"

"माझी शैली घेऊन तू काय करणार? माझा चष्मा लावून तुला दिसेल का?" अण्णांनी लख्खकडे मान वळवली. "हिनं आतापर्यंत किती फोटो केले? आणि तुझं न ऐकता स्वतःच्या हातानं काय काय बदललं?"

"एकूण दोनशे चौदा. पैकी एकशे नव्वद वेळा कुमारी गोदावरी यांनी पार्श्वभूमी अंधारी केली. एकशे एकाहत्तर वेळा पिवळा रंग उतरवला. तांबडा रंग मात्र मला एकदाही कमी करू दिला नाही. माझी सूचना अठ्ठ्याऐंशी वेळा 'गप रे' असे म्हणून फेटाळली."

हे मला माहीतच नव्हतं! मी विचार करायला लागले. मागचा भाग मी अंधारा का करते? कारण गर्दीतलं एकच माणूस मला नीट बघायचं असतं. तांबडा का सोडत नाही? आमच्याकडची मातीच तशी आहे. तो रंग गेला की फोटो कुठल्यातरी परक्या गावातला वाटतो.

"आत्तापर्यंत ही नुसती सवय होती," अण्णा म्हणाले. "आपण काय निवडतो, का निवडतो, आणि कुठल्या माणसासाठी ती निवड बाजूला ठेवायची, हे कळायला लागलं की तिला शैली म्हणायचं. वस्तादांच्या फोटोवर तू पिवळा साचा चढवलास. तुला तर पिवळा आवडतही नाही."

"मग कशाला चढवला मी?"

"ते मी काय सांगू! आता कॅमेरा इथं ठेव आणि उद्या नुसती वस्तादांकडे बघून ये."

शनिवारी सकाळी मी तालमीत गेले. वस्ताद मातीत ताक आणि हळद मिसळत होत्या. मी सरळ विचारलं, "वस्ताद, तुमचे कान असे कसे झाले?"

त्या खूश झाल्या. हात झटकून कट्ट्यावर बसल्या. "डाव टाकताना कान घासतोय, दबतोय. आतली कूर्चा (कानाला आकार देणारा, हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भाग) आणि कातडी यांच्यामधी रगात साकळतंय. ते वेळेत काढलं न्हाई तर घट्ट होऊन बसतंय. ह्यो डावा सोळाव्या वर्षी. उजवा राज्य स्पर्धेच्या आधी. आई कान बघून रडली आणि बाबानं गल्लीत पेढं वाटलं. आता आमच्या पोरींस्नी मी कान झाकायचं कवच घालायला लावते बरं का, उगं दुखणं कशाला? पण माझं हायत ते माझं हायत."

"आणि काही घालवायचं आहे का फोटोतलं?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "डोळ्याखालचं काळं तेवढं काढ बाई. रविवारच्या भाषणाच्या धास्तीनं झोपच न्हाई बघ. आणि फोटोच्या दिवशी गालावर डास चावला हुता."

घरी येईपर्यंत मला माझा नियम सापडला होता. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते फोटोतून घालवायला हरकत नाही. जे माणसानं जन्मभर सांभाळलं आहे, ते त्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही.

मूळ फोटो मी पुन्हा उघडला. अण्णांनी एक युक्ती दाखवली. लख्खनं फोटोचे दोन थर केले. एकात फक्त पोत (त्वचेवरच्या बारीक रेषा आणि छिद्रं), दुसऱ्यात फक्त रंग आणि उजेड. डोळ्यांखालचं काळं मी उजेडाच्या थरात हलकं केलं. पोताला हातच लावला नाही, त्यामुळे रेषा जशाच्या तशा राहिल्या. डास चावल्याचा डाग पुसला. मागचा भाग अंधारा केला, पिवळा उतरवला, मातीचा तांबडा ठेवला. शेवटी लख्खनं विचारलं, "कर्ण-दोषांचे निवारण?"

"नाही. आणि तो दोष नाही. यापुढे असं काही वेगळं दिसलं की आधी विचारायचं, 'हे ठेवायचं आहे का?'"

"नोंद घेतली," लख्ख म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या एक कोटी चेहऱ्यांत असे आणखी किती विचारायचे राहून गेले असतील?" मला त्याची दया आली. अण्णांनी आणि मी ठरवलंय, दर सुट्टीत त्याला कुठेतरी न्यायचं. आधी तालमीत, मग मासळी बाजारात, मग शेतावर.

मग मी एक असं केलं, जे मला कुणीच शिकवलं नव्हतं. डाव्या कानावर थोडा उजेड वाढवला.

रविवारी संध्याकाळी तालीम खच्चून भरली. वस्तादांनी भाषणात चार वाक्यं म्हटली, त्यातली दोन विसरल्या. फोटो अजून कापडाखाली होता. या खेपेलाही फसला असता तर ओळखपत्राचा फोटो तयारच होता.

कापड निघालं. वस्ताद फोटोजवळ गेल्या. मग त्यांनी आपला डावा कान चाचपला आणि पदरानं डोळे पुसले. "हीच की रं मी," एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात सहा वर्षांची एक चिमुरडी पुढे आली. तिचा तालमीतला तो पहिलाच दिवस होता. ओळीतल्या अकरा मिशांना तिनं भराभर नमस्कार केला. बाराव्या फोटोपाशी मात्र ती थांबली आणि मान वर करून बघत राहिली.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यात मुलगी बी हाय!"

आणि चप्पल काढून सरळ मातीत उतरली.