चौघांचं तिकीट

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

पण ही ऐकीव गोष्ट नाही. ही माझ्या सख्ख्या मामेबहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि तो कागद अजून तिच्या कपाटात आहे. मी स्वतः पाहिला आहे.

मागच्या उन्हाळ्यातला शुक्रवार. भर दुपार. दोन वाजून दहा मिनिटं.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

ताई एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात आहे. बेचाळीस शिक्षक, छत्तीस वर्ग, सगळ्यांचं वेळापत्रक तीच बसवते. कोणाचा तास कोणावर आदळत नाही. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की पहिला फोन त्यांना जातो.

मुलं दोन. मोठी सतरा वर्षांची. धाकटा चौदाचा, आईपेक्षा वीतभर उंच, तरी घरात सगळे त्याला छोटूच म्हणतात.

ताईच्या मनात बरीच वर्षं एक सहल होती. चौघांनी ट्रेनने पाच शहरं फिरायची. समुद्राचं, किल्ल्याचं, संग्रहालयांचं, तलावांचं आणि शेवटी डोंगरावरचं. चौदा दिवस. पुढच्या वर्षी मोठी शिकायला बाहेर जाणार, मग चौघं एकत्र कधी सापडणार?

महिनाभर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. छोटूला समुद्र हवा, भाऊजींना किल्ला हवा, आणि मोठीला यायचंच नव्हतं. तिच्या मैत्रिणींचं वेगळं काहीतरी ठरलं होतं.

"मी घरी राहते. तुम्ही तिघं जा ना," ती म्हणाली.

"चौघांचं तिकीट आहे. चौघं जाणार," भाऊजी म्हणाले.

त्यावरून वाजलं. चांगलंच वाजलं. मोठी नको ते बोलून गेली आणि भाऊजींनी तिच्याशी बोलणंच सोडलं. दोघंही एका मातीचे. कोण आधी तोंड उघडणार?

ताईने मात्र सहलीच्या वेळापत्रकाचा कागद पूर्ण केला. गाडी, डबा, सीट, लॉज, सगळं मिनिटांसकट. शेवटची ओळ होती, शनिवार, घर, सव्वापाच.

पहिली दोन शहरं ठीक गेली. म्हणजे बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, एवढं सोडलं तर. "छोटू, बाबांना सांग पाणी हवंय." "छोटू, तिला सांग बॅगेत आहे." पोराचा नुसता पोस्टमन झाला होता.

तिसऱ्या शहराला जाताना मध्ये एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. पुढची गाडी तीन वाजून पाच मिनिटांनी. मध्ये तासभर मोकळा.

स्टेशन रिकामं होतं. ताईला बरंच वाटलं. वेटिंग रूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. दोन लांब बाक, एक बेसिन, गळका नळ, दुधी काचेची गजांची खिडकी आणि वर करकरणारा पंखा.

"कुठल्या प्लॅटफॉर्मवर येते बघून येतो," म्हणून भाऊजी बाहेर गेले. त्यांच्या मागे दार हळूच लोटलं गेलं.

ताईने घड्याळ पाहिलं. दोन दहा.

मग...

पंखा करकरायचा थांबला.

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता. आवाज मात्र नव्हता.

नळातून थेंब पडत होते. तेही आवाज न करता.

"आई, कानाला काहीतरी झालंय," छोटू म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो दचकलाच, इतका तो जवळून आला. कानाला उशी लावून बोलल्यासारखा.

तो दाराकडे गेला. दार उघडेना. त्याने खांदा लावला. अडकलेलं दार निदान हलतं, खडखडतं. हे दार भिंतीसारखं होतं.

ताईने दोन्ही हातांनी थापा मारल्या. हात झिणझिणले. आवाज नाही. फोन काढला, रेंज नाही. खिडकीच्या दुधी काचेतून नुसता उजेड दिसत होता. पलीकडे कुणाची सावलीही हलत नव्हती.

तेवढ्यात...

"घाबरू नका. आहात तिथेच बसा. दाराला हात लावू नका."

भाऊजींचा आवाज. ताईचा जीव भांड्यात पडला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना ते नेहमी हेच, अगदी याच शब्दांत सांगतात. घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतं.

"अहो, कुलूप अडकलंय का?"

"बसा. उघडतो."

ते बसले. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

"अहो, किती वेळ? गाडी चुकेल."

"गाडीला वेळ आहे. बसा."

आवाज शांत होता. जरा जास्तच शांत. आणि ताईच्या एक गोष्ट लक्षात आली. दार समोर होतं... आवाज मात्र मागच्या भिंतीतून येत होता.

तिने मुलांना सांगितलं नाही. छोटूचा हात फक्त घट्ट धरला.

मग बाक थरथरायला लागला. गाडी येत होती. आवाज नव्हता, पण पायाखालची फरशी हादरत होती. तीन वाजून तीन मिनिटं.

"अहो, गाडी आली."

"ती आपली नाही. बसा."

आणि मग त्याच आवाजात, अगदी मायेने...

"दमलीस का बाळा?"

मोठी ताडकन उभी राहिली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हे बाबा नाहीत."

"काहीतरीच काय."

"बाबा नऊ दिवस माझ्याशी बोललेले नाहीत, आई."

भिंतीतला आवाज बंद झाला.

तिघं एकमेकांना चिकटून उभे होते. आणि मग दाराच्या बाहेरून, पहिल्यांदाच अगदी स्पष्ट, एक आवाज आला.

"बाबा, चला ना लवकर. आई आणि छोटू चढले."

तो मोठीचा आवाज होता.

मोठी ताईच्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते.

बाहेर छोटू हसला. मग ताईने स्वतःला बोलताना ऐकलं. "अहो, निळी बॅग घेतलीत का?" चाकांच्या बॅगा घरंगळत दूर गेल्या. निळी बॅग आत, ताईच्या पायाशीच होती.

शिट्टी झाली. फरशी थरथरली, मग थांबली.

आणि पंखा करकरायला लागला.

दार उघडंच होतं. वाऱ्याने हलत होतं.

भाऊजी प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे होते. गाडी गेलेल्या दिशेला बघत. ताईने हाक मारली तेव्हा ते वळले आणि तिघांना बघून दोन पावलं मागे सरकले.

"कुठे होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"आतच. तुम्ही दार का उघडलं नाहीत?"

"दार उघडंच होतं, अगं. तीनदा आत येऊन गेलो मी. खोलीत बॅगा होत्या. तुम्ही नव्हतात."

पुढे जायची कोणाचीच हिंमत नव्हती. त्यांनी एक टॅक्सी ठरवली आणि थेट घर गाठलं. मोठी बाबांच्या शेजारी बसली आणि घरापर्यंत तिने त्यांचा दंड सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने तिसऱ्या शहरातल्या लॉजला फोन लावला. आम्ही येत नाही, खोली सोडा, असं सांगायला.

"मॅडम, तुम्ही तर काल संध्याकाळीच आलात," पलीकडचा माणूस म्हणाला.

"आम्ही?"

"चौघं. आत्ताच फिरायला बाहेर पडलात. काही राहिलंय का खोलीत?"

ताईने विचारलं, "मुलं... कशी आहेत?"

"फार शांत, मॅडम. हल्ली अशी मुलं बघायला मिळत नाहीत."

तिने रेल्वेच्या चौकशीला फोन केला. शुक्रवारच्या गाडीत आमच्या चार सीट रिकाम्या गेल्या असतील, बघता का? त्या बाईने शांतपणे नोंद पाहिली. चारही प्रवासी हजर. तिकिटं तपासलेली.

"मग पुढची तिकिटं रद्द करा. निदान शेवटचं, घरी यायचं."

"सगळं एकच तिकीट आहे, मॅडम. प्रवास सुरू झालाय. आता मधेच रद्द होत नाही."

त्या संध्याकाळी भाऊजींनी तोंड उघडलं. गाडी आली तेव्हा मोठीने त्यांना हाक मारली होती. डब्याच्या दारातून, हसून.

"मला वाटलं, गेला एकदाचा राग," ते म्हणाले. "मी पायरीवर पाय ठेवला. वर बघितलं. दारात तुम्ही तिघं होतात..."

"मग?"

"तुमच्या मागे मी उभा होतो."

पुढच्या आठवड्यात चौथ्या शहरातून फोन आला. लॉजच्या मॅनेजरचा.

"मॅडम, राग मानू नका. दोन दिवस खोलीचं दार उघडलेलं नाही. वाजवलं की साहेब आतून म्हणतात, आहोत तिथेच बसलोय. सगळं ठीक आहे ना?"

ताईने फोन बंद केला. कागद काढला. चौथं शहर, दोन दिवस मुक्काम. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

"तुझा प्लॅन कधी चुकत नाही, आई," छोटू म्हणाला. त्याला गंमत करायची होती. कोणी हसलं नाही.

परतीचा शनिवार जवळ यायला लागला. मी ताईला म्हटलं, सरळ माझ्याकडे या सगळे. घराला कुलूप लावा. तिला पटत होतं. भाऊजींना पटलं नाही.

"आपण बाहेर आणि ते आत," ते मला फोनवर म्हणाले. "एकदा ते आत बसले की मग आपण कोण?"



शनिवारी सकाळपासून चौघं घरात होते. कडी, वरची साखळी, दाराला टेकवलेलं लोखंडी कपाट. खिडक्या बंद. उकाड्याने जीव जात होता, पण कोणी खिडकी उघडायचं नाव काढलं नाही. स्वतःच्याच घरात ते कोंडून बसले होते. पाणी प्यायलासुद्धा चौघं एकत्र उठत होते.

पाच वाजले.

सव्वापाच.

काहीच नाही.

साडेपाच. पावणेसहा. छोटूला बसल्या बसल्या डुलकी लागली. भाऊजींनी पहिल्यांदा पाठ टेकली.

सहाला... बेल वाजली.

कोणी हललं नाही.

"अहो, मी आहे. खालच्या मजल्यावरचा." खालच्या काकांचा आवाज. ते पंधरा दिवस लेकीकडे होते, त्याच दुपारी परतले होते.

भाऊजींनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. काकाच होते.

"आलात का सुखरूप? तुमची दोन पत्रं माझ्याकडे टाकलीत कोणीतरी. मघाशी जिन्यात भेटलात तेव्हाच देणार होतो, पण कोणी थांबलंच नाहीत."

"जिन्यात?"

"वळणावर. बॅगा घेऊन वर येत होतात ना. मी हाक मारली. एवढे दमला होतात का?"

"चौघं होतो?" ताईने मागून विचारलं.

काका हसले. "चौघंच की. आणखी कोण असणार?"

ताईचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. त्याच्यावर फक्त गच्ची, आणि तिचं कुलूप गंजलेलं. भाऊजी आणि काका तळापर्यंत जाऊन आले. जिना रिकामा होता. रखवालदार दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने चौघांना आत येताना पाहिलं होतं. बाहेर पडताना कोणालाच नाही.

याला वर्ष होत आलं. लॉजचा, रेल्वेचा, कोणाचाच पुन्हा फोन आला नाही. दारही कोणी वाजवलं नाही. मोठी शिकायला बाहेर जाणार होती, ती इथेच राहिली. घर विकायचं ठरतं आणि मोडतं. खाली उतरायचं तर चौघं एकत्र उतरतात आणि एकत्रच वर येतात. अधूनमधून काका म्हणतात, तुमची मुलं फार गुणी, जिन्यात भेटली तर आवाजसुद्धा करत नाहीत. ताई त्यांना काही विचारत नाही.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळचे अकरा. जिन्यात लख्ख ऊन होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी आपोआप भिंतीला लागलो, अंग चोरून. सामान घेऊन मागून कोणी वर येत असलं की आपण वाट देतो ना, तसा.

चांगला मिनिटभर मी तसाच उभा होतो.

मागून कोणी आलं नाही.