चेहऱ्यावरच्या दोन काड्या

"माझे डोळे काढलेत!" जयसिंग नाईकनवरे फोनवर ओरडत होते.

"मग डॉक्टरांना फोन करायचा. चौकीत कशाला केलात?" सब-इन्स्पेक्टर मंदाकिनी रणपिसे यांनी विचारलं.

"चित्रातले, मॅडम! पण ही सरळ धमकी आहे. ताबडतोब या."

दुपार टळली होती. मंडईमागच्या गल्लीत, मसाल्याच्या दुकानावर, कासिम तांबोळींचा डिजिटल स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम, दुकानांचे फ्लेक्स आणि आता बिल्डरांची मोठी कामं. पुण्यात आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला प्रवेशद्वारात स्वतःचं चित्र हवं होतं. नाईकनवऱ्यांच्या खराडीतल्या इमारतीचं उद्घाटन उद्यावर आलं होतं.

मंदाकिनी आतल्या खोलीत गेल्या आणि संगणकासमोर थांबल्या.

पडदा काळाकुट्ट होता. मधोमध नाईकनवऱ्यांचा चेहरा तेवढा तरंगत होता. मिशा, गंधाची उभी रेघ, जाडसर कान, सगळं जागच्या जागी होतं. फक्त डोळ्यांच्या ठिकाणी दोन काळी भोकं होती. प्रत्येक भोकातून एक बारीक काळी रेघ निघून कानशिलापर्यंत गेली होती.

"सुरीचे वार आहेत ते," नाईकनवरे म्हणाले. "आणि ही त्या मुलीची करामत आहे. नवा आयटी कायदा आलाय ना? लावा."

ती मुलगी, आलिया शेख, भिंतीला टेकून उभी होती. चित्र तिने काढलं होतं. दीड महिन्याचं काम होतं.

"मीच काढलं आणि मीच पुसलं?" ती म्हणाली.

"काल भांडलीस ना माझ्याशी?"

"तुम्ही तिसऱ्यांदा हनुवटी कमी करायला सांगितलीत. मी म्हटलं, चित्रात कमी होईल, आरशात नाही होणार."

कासिमभाईंनी डोळे मिटून घेतले. मंदाकिनींनी नाईकनवऱ्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि खुर्ची ओढली.

"आधी काय होतं चित्रात?"

"मध्ये हे. शेजारी त्यांचे भागीदार श्यामसुंदर. मागे इमारत, खाली कामगार. कोपऱ्यात परांचीवर उभा असलेला संजय."

"संजय कोण?"

आलियाने आवाज खाली आणला. "बाबुरावकाकांचा मुलगा. मागच्या खोलीत फ्लेक्सला कड्या ठोकतात ना, ते. पूर्वी त्यांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. संजय नाईकनवऱ्यांच्याच इमारतीवर नाव रंगवताना दोरीवरून पडला. गेला. काकांनी फोटो दिला, म्हणून मी परवा हळूच कोपऱ्यात काढला त्याला. काका तेव्हा माझ्या शेजारीच बसले होते."

"जुनी प्रत नाही?"

"मागच्या आठवड्याची सीडी आहे. तिच्यात संजय नाही."

"आज काय झालं?"

"शुक्रवार. कासिमभाई नमाजला गेले होते. मी गच्चीवर डबा खायला गेले. नाईकनवरे चित्र बघायला आले आणि बाहेर मोबाइलवर बोलत बसले. काका मागच्या खोलीत. मी खाली आले तर पडदा बंद होता."

"तू बंद करून गेली होतीस?"

"कधीच करत नाही. पडदा चालू केला, फाईल उघडली, तर हे."

"पुसता येत नाही हे काळं?"

"फाईल सेव्ह करून बंद केलीय. आता नाही येत."

मंदाकिनींनी पडद्यावरच्या चेहऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड स्वच्छ होती. कानाच्या पाळीचं वळण एका दमात घेतलं होतं, हात कुठेही अडखळला नव्हता. फोनवर आरडाओरडा करणाऱ्या माणसाचा हा हात नव्हता.

"चेहरा तेवढा कसा वाचला?"

"स्टेन्सिल. या पेनाने हवी तेवढी जागा रेषेत घ्यायची. ती झाकली जाते. मग रंग ओतला की झाकलेल्या जागेला लागत नाही, बाकी सगळीकडे लागतो."

"किती वेळ लागतो?"

"रेषेला दोन मिनिटं. रंग भरायला मात्र हे मशीन रडतं, फाईल फार मोठी आहे. म्हणून आम्ही रंग, सेव्ह, बंद अशी सगळी बटणं ओळीने दाबून ठेवतो आणि चहाला जातो. ते आपलं सावकाश करत बसतं."

"मला एक स्टेन्सिल करून दाखव. चेहरा झाकायचा, डोळे सोडायचे."

आलियाने जुनी सीडी घातली, चेहऱ्याभोवती रेघ फिरवली, डोळ्यांभोवती दोन गोल काढले. "झालं."

"आणि या दोन काड्या?"

"काड्या कशाला लागतात?"

मंदाकिनींनी पडद्यावरच्या त्या दोन रेघा पुन्हा पाहिल्या. त्यांना ताडीवाला रोडची भिंत आठवली. दर एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी त्यांचे वडील पत्रा कापून भिंतीवर निळी अक्षरं उमटवायचे. लहानपणी मंदाकिनींनी एकदा 'ब' कापला होता, तर मधला तुकडा गळून खाली पडला. वडील हसले होते आणि दुसरा पत्रा घेऊन बसले होते.

त्या बाहेर आल्या. कासिमभाई हळूच म्हणाले, "मॅडम, बाबुरावांवर संशय घेऊ नका. नाईकनवऱ्यांवर त्यांचा राग असेल, नाही म्हणत नाही. पण ते नाईकनवऱ्यांचा चेहरा राखून स्वतःच्या पोरावर काळं ओततील का?"

"तेच तर मलाही कळत नव्हतं," मंदाकिनी म्हणाल्या.

मागच्या खोलीत बाबुराव खुडे हातोडी घेऊन बसले होते. साठीचे, बोटांच्या पेरांत अजूनही जुना रंग मुरलेला.

"संगणक येतो का, बाबुराव?"

"आपल्याला त्या पेटीतलं काय कळतंय, बाई!"

"चित्र बघितलंत आजचं?"

"आत कशाला जाऊ? तिथं साहेबलोक आहेत."

"मग माझं एक काम करा. या पुठ्ठ्यातून माणसाच्या चेहऱ्याचा छाप कापून द्या. चेहरा रंगला पाहिजे, डोळे कोरे राहिले पाहिजेत."

बाबुरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कटर उचलला. पुठ्ठा दिसला की त्यांचा हात थांबत नसे. गालाची, कानाची रेघ सरसर उतरली. चेहऱ्याचा पुठ्ठा निघाला आणि दोन डोळे भोकात तसेच राहिले. प्रत्येक डोळ्याला कानशिलाकडून धरून ठेवणारी एक बारीक काडी होती.

हात तिथेच थांबला. बाबुरावांनी कटर खाली ठेवला.

"आत चला," मंदाकिनी म्हणाल्या.

सगळे संगणकाच्या खोलीत जमले. बाबुराव दाराशीच उभे राहिले. मंदाकिनींनी पुठ्ठा पडद्याला लावला. पडद्यावर जिथे रेघा होत्या, तिथेच काड्या आल्या.

"नाईकनवरेसाहेब, हे वार नाहीत. कागदी छापात चेहऱ्याचा भाग कापून टाकला, की डोळे अधांतरी राहतात. ते गळू नयेत म्हणून काडी ठेवावी लागते. संगणकाला तिची गरज नाही, म्हणून आलियाने ठेवली नाही. ज्याने आयुष्यभर पुठ्ठे कापले, त्याच्या हाताने मात्र ती आपोआप ठेवली."

"म्हणजे या म्हाताऱ्याने? पण माझा चेहरा का वाचवला?"

"वाचवला नाही. त्यांना फक्त तुमचाच चेहरा काळा करायचा होता."

मंदाकिनींनी पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"बोर्ड रंगवणारा जिथे कापतो तिथे रंग लागतो. या मशीनमध्ये उलटं आहे. जिथे रेघ फिरवाल ते झाकलं जातं. बाबुरावांनी आलियाशेजारी बसून हात पाहिला होता, पण समजूत आपल्या पुठ्ठ्याची ठेवली. तुमच्या चेहऱ्याभोवती रेघ फिरवली, डोळे काड्यांसकट सोडले, बटणं ओळीने दाबली. तुम्ही पलीकडेच फोनवर होतात. कोणाला दिसू नये म्हणून पडदा बंद केला आणि निघून गेले. काय झालं ते त्यांनी पाहिलंच नाही."

बाबुराव पुढे आले. पहिल्यांदाच पडद्याकडे नीट बघू लागले. त्यांची नजर मधल्या चेहऱ्यावर थांबली नाही. उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे नुसता काळा रंग होता.

"आलिया," ते म्हणाले, "संजय कुठाय?"

आलियाने मान खाली घातली.

बाबुरावांनी हात पुढे केला, पडद्याच्या कोपऱ्यावरून तळवा फिरवला, जणू धूळ बसली होती.

"डोळे का सोडलेत?" मंदाकिनींनी विचारलं.

"उद्या मंत्री येणार, पाहुणे येणार. तोंडाला काळं फासलेलं सगळ्यांनी बघावं, आणि यानं सगळ्यांना बघावं. म्हणून." बाबुराव नाईकनवऱ्यांकडे वळले. "दोरी कुजकी होती. संजयनं तुमच्या सुपरवायझरला दोनदा सांगितलं. तुम्ही पोलिसांना सांगितलंत, पोरगा पिऊन चढला होता. माझ्या पोरानं कधी सोडासुद्धा प्यायला नाही. तेराव्याला लोक मला विचारत होते, कधीपासून प्यायचा?"

"हे जुनं प्रकरण आहे," नाईकनवरे म्हणाले. "मॅडम, अटक करा आणि संपवा."

"करते. तक्रार तुमचीच आहे. पण आरोपीने असं का केलं, तेही जबाबात येईल. दोरी, सुपरवायझर, पिण्याचं. मग मला त्या अपघाताचे कागद मागवावे लागतील आणि सुपरवायझरलाही बोलवावं लागेल."

नाईकनवऱ्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे, मी माफ केलं. तक्रार मागे घेतो."

"फार मोठं मन तुमचं," कासिमभाई म्हणाले. "आत्तापर्यंत दिसलं नव्हतं."

बाबुरावांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि मंदाकिनींसमोर बसले. पाठ ताठ होती.

"त्यांनी मागे घेतली तरी मी घेत नाही, बाई. गुन्हा मीच केलाय. लिहा. दोरीपासून लिहा."

मंदाकिनींनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्हीही बसा, साहेब," त्या नाईकनवऱ्यांना म्हणाल्या. "वेळ लागेल."