मंजुळेच्या वेटोळ्यात आजोबा

मंजुळेनं डॉ. दिगंबर मालशे यांना पकडून दोन दिवस झाले होते आणि अजून खाल्लं नव्हतं. असं का, हे कोडं कोणालाच सुटत नव्हतं.

मंजुळा म्हणजे महामगर. लांबी चौदा मीटर. एसटीच्या शेजारी उभी केली तर एसटी आखूड वाटेल. (हो, २०७१ सालीही एसटी होती, आणि उशिराच येत होती.) फार फार पूर्वीच्या मगरी कशा असतील हे पाहण्यासाठी संशोधन केंद्रानं मगरीच्या पेशींत फेरफार करून तिला जन्माला घातलं होतं. तिच्यासारखी दुसरी जगात नव्हती. धरणाच्या जलाशयातल्या बेटावर ती एकटीच राहायची.

आता त्याच बेटावर, तिच्या अंगाच्या वेटोळ्यात, वाळूवर आजोबा, म्हणजे डॉ. मालशे, बसले होते. गोळी घातली असती तर तडफडताना तिनं त्यांना चिरडलं असतं. गुंगीचं औषध दिलं तरी तीच भीती. पाणी पोचवायला पाठवलेले दोन ड्रोन तिनं शेपटीनं पाडले होते. मग केंद्रानं एक समिती नेमली. समितीनं चहा घेतला आणि परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवायचं ठरवलं. आजोबांच्या बाटलीत चार घोट पाणी उरलं होतं.

त्यांची नात शाल्मली सुट्टीसाठी केंद्रावर आली होती. वय अकरा. केंद्राची होडी चालवणाऱ्या गमरे मावशींनी तिला बेटापासून शंभर मीटरवर होडीतून आणलं होतं. तिथून ती आजोबांशी फोनवर बोलत होती.

"आजोबा, तिनं तुम्हाला खाल्लं का नाही?"

"माझा अपमान वाटतो का तुला?"

"सांगा ना!"

"अगं, तिनं मला पकडलेलंच नाही. इथे वाळूखाली तिची तेवीस अंडी आहेत. ती पाण्यात गेली म्हणून मी नेहमीच्या नोंदीसाठी तापमान मोजायला आलो, तर ती परतली आणि घरट्याभोवती वेटोळं घालून बसली. मी आत राहिलो. या दिवसांत मगर फारसं खात नाही, नुसती राखण करते. पण वेटोळं ओलांडायला गेलो, की तिच्या लेखी मी अंडीचोर."

"मग ती उठणार कधी?"

"अंड्यातली पिल्लं बाहेर येण्याआधी आतूनच आवाज देतात. तो ऐकला की आई वाळू उकरते."

"म्हणजे कधी?"



"कधीच नाही," आजोबा म्हणाले. "अंडी वांझ आहेत. नर नाही तर पिल्लं कुठून येणार? दर वर्षी ती अंडी घालते, अडीच-तीन महिने वाट पाहते, आणि मग आपणच उकरून बघते."

"नर का नाही केलात तुम्ही?"

"चांगला प्रश्न. समितीनं विचारायला हवा होता. हे बघ, माणसाचं बाळ मुलगा की मुलगी, हे गुणसूत्रं (पेशीतले वारसा सांगणारे धागे) ठरवतात. मगरीत तसं नसतं. तिथे घरट्याची ऊब ठरवते. अंडं उबण्याच्या मधल्या काळात तापमान साडेबत्तीस अंशांच्या आसपास असेल, तर बहुतेक नर होतात. तिसाच्या खाली राहिलं तर साऱ्या माद्या. दोन-तीन अंशांचा खेळ."

"मग ठेवायचं की साडेबत्तीस!"

"त्यासाठी नवी ऊबखोली (अंडी उबवायची खोली) बांधली होती. पण तिचं उद्घाटन व्हायचं होतं. मंत्र्यांच्या तारखा मिळत नव्हत्या, आणि फीत कापण्याआधी बटण दाबायचं नाही, अशी आपली रीत. एकोणीस दिवस अंडी जुन्या खोलीत राहिली. तिथे एकोणतीस अंश. पाच पिल्लं निघाली, पाचही माद्या. चार वर्षभरात गेल्या. ही राहिली."

"नव्या खोलीची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याच खिशात."

"मग गुपचूप दाबायचं ना बटण! कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही," आजोबा म्हणाले. "पण कोनशिलेवर माझं नाव होतं, शाल्मली. त्याच्यावर पडदा होता. म्हटलं, समारंभ बिघडायला नको."

मावशींनी उगाच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"केंद्राकडे मंजुळेच्या जन्माच्या वेळचा आवाज नोंदवलेला आहे," शाल्मली म्हणाली. "मी पाठवते. फोन वाळूत पुरा आणि वाजवा."

"नको. मी तिच्याशी आजवर खोटं वागलो नाही."

"खरं तरी कुठे सांगितलंत? आणि पाणी किती उरलंय?"

आजोबांनी बाटली उन्हात धरून पाहिली. मग त्यांनी आवाज सुरू केला आणि ढोपरांवर बसून फोन वाळूत पुरला.

*आँव्. आँव्. आँव्.*

मंजुळेचं डोकं उठलं. वेटोळं सुटलं. जीप चिरडणाऱ्या त्या जबड्यात तिनं वाळूतलं पहिलं अंडं उचललं आणि कवच फुटायला मदत व्हावी म्हणून जिभेवर हळूच घोळवलं. वाट मोकळी होती, पण आजोबा नुसते बघत उभे होते.

"आजोबा, चला!" शाल्मली होडीतून ओरडली.

तेव्हा कुठे ते बेटाच्या दुसऱ्या काठाकडे चालू लागले. मावशींनी होडी वळसा घालून नेली, त्यांना आत ओढलं आणि बाटली पुढे केली. मग होडी लांब नेऊन थांबवली.

"सुटले बाई! आता बंद कर ते रडगाणं," मावशी म्हणाल्या. आवाज शाल्मलीच्या हातातल्या फोनवरूनही बंद करता येत होता.

"थांबा मावशी. अजून अठरा राहिलीत."

मगर पिल्लांना नेते तसं मंजुळा एकेक अंडं पाण्यात नेऊन ठेवत होती. आजोबांनी पाणी संपवलं.

"पेशी अजून गोठवून ठेवल्यात," ते म्हणाले. "नवी अंडी करता येतील. पण नर वयात यायला बारा वर्षं लागतात. मी नसेन."

"मी तेवीस वर्षांची असेन. आणि ती?"

"मगरी सत्तर वर्षं सहज जगतात."

"मग किल्ली माझ्याकडे द्या."

आजोबांनी खिसा चाचपला. किल्ली निघाली. ती ते इतकी वर्षं का वागवत होते, हे शाल्मलीनं विचारलं नाही.

तेवीस अंडी नेऊन झाली. घरट्यात आवाज देणारं एकच काही उरलं होतं. मंजुळेनं आजोबांचा फोन सगळ्यात जपून उचलला आणि पाण्यात नेला. तो भिजून बिघडणारा नव्हता. तिनं जबडा उघडला आणि मान वाकवून वाट पाहत राहिली.

शाल्मलीनं आवाज एकदम बंद केला नाही. ती तो थोडा थोडा कमी करत गेली, पिल्लू पोहत पोहत लांब जावं तसा.