एझ्रा अजून पोचला नाही

रविवारी चर्चमधून आलं की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. मी ओव्हनमध्ये कोंबडी सरकवायची आणि आमच्या व्हर्जिलने जेवणाच्या टेबलावर मेलेली माणसं मांडायची. मेलेली म्हणजे फोटोतली. माझ्या नवऱ्याला जुन्या बेसबॉल संघांचे फोटो जमवायचा नाद आहे. गावोगावचे लिलाव, मोडकी कोठारं, बंद पडलेल्या खाणावळींचे पोटमाळे, कुठेही मिशावाले खेळाडू आणि एखादं कुत्रं एका चौकटीत दिसलं की हा विरघळलाच. आमच्या झोपायच्या खोलीत कपडे बदलायचीसुद्धा चोरी. भिंतीवरून अख्खं इंडियाना बघत असतं.

पण खरं सांगू, इतक्या वर्षांत त्याला हवा होता तो एकच फोटो. त्याचे आजोबा एझ्रा पिकेट आमच्या ओल्ड फेरी गावच्या वीटभट्टीच्या संघातून खेळायचे, असं ते स्वतः मरेपर्यंत सांगत राहिले. पुरावा मात्र शून्य. आणि गावातला दुसरा नादिष्ट, आमचा न्हावी क्लेटस हॉफ, गिऱ्हाइकाच्या हनुवटीला साबण फासता फासता सगळ्यांना ऐकवायचा, "एझ्रा? मैदानात होता की! शेंगदाणे विकायला!"

यंदा गावाने मैदानाच्या फाटकावर त्या जुन्या संघाची नावं विटांत कोरून बसवायची ठरवली. नावं कुणी पक्की करायची, तर क्लेटसने. सोमवारी यादी गवंड्याकडे जाणार होती. व्हर्जिल वरवर हसायचा, पण त्याचं जेवणातलं लक्षच उडालं होतं. आजोबा खोटारडे नव्हते, एवढं एकदा सिद्ध करून मरायचंय, असं तो मला म्हणाला.

अशात नदीपलीकडच्या एका लिलावात त्याला ती गुंडाळी मिळाली. लांबलचक फोटो, इतका घट्ट गुंडाळलेला की उलगडायला जावं तर वाळक्या पानासारखा मोडेल. असले फोटो आधी दमट हवेत मऊ करावे लागतात. म्हणून माझ्या नव्याकोऱ्या कचऱ्याच्या डब्यात ओल्या टॉवेलांवर ती गुंडाळी ठेवून, वर झाकण लावून, ते बाड न्हाणीघरात बसवलं.

"डब्याला धक्का लावू नकोस हं," व्हर्जिल म्हणाला.

"मग मी आंघोळ कशी करू?"

"कडेकडेने कर."

शनिवारी कागद मऊ पडला. टेबलावर पसरून आम्ही वर काच ठेवली. वीटभट्टीचाच संघ! मागे धुराडं, पुढे रांगेत उभे खेळाडू, सगळे समोर बघताहेत. आणि अगदी डाव्या टोकाला, गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावलेला एक माणूस. मी कानांवरूनच ओळखलं. तसलेच कान लग्न झाल्यापासून शेजारच्या उशीवर बघतेय.

"आजोबा!" व्हर्जिल ओरडला आणि त्याने मला चक्क उचललं. त्याची कंबर अजून दुखतेय.

रविवारी क्लेटसला जेवायलाच बोलावलं. फुकटच्या कोंबडीला तो नाही म्हणत नाही.

आमची जेवणाची खोली अरुंद. टेबल खिडकीला लावलेलं, पाठीमागच्या भिंतीशी माझ्या आईचं ओकचं कपाट, चिनी मातीच्या बशांनी ठासून भरलेलं. खिडकीकडे तोंड केलं की डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, उजव्या हाताला बैठकीचं. कपाट एवढं पुढे आलेलं की दारातून शिरणारा त्याच्यावरच आपटावा. आम्ही सवयीने वळसा घालतो. तर आम्ही तिघं कपाटाकडे पाठ करून टेबलावर वाकलो.

क्लेटसने नाक काचेला टेकवलं. "हा कोटवाला? बघ्या आहे बघ्या. खेळाडूच्या अंगात संघाचा सदरा असतो."

"कोटाच्या आत असेल!" व्हर्जिल म्हणाला.

"असेल ना. माझ्याही आत राष्ट्राध्यक्ष असेल."

आता या लांब फोटोंची एक गंमत असते. कॅमेरा तिवईवर डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरायचा. मग एखादा वात्रट डाव्या टोकाला उभा राहायचा, कॅमेरा पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून पळत सुटायचा आणि उजव्या टोकाला जाऊन पुन्हा हजर. एकाच फोटोत दोनदा! म्हणून हे नादिष्ट लोक आधी दोन्ही टोकं बघतात.

आम्ही उजवं टोक बघितलं. तिथे एका माणसाएवढी मोकळी जागा होती. शेजारच्या खेळाडूने हात अधांतरी धरलेला, कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा.

क्लेटस खदखदून हसला. "निघाला असेल, पण पोचलाच नाही! मी म्हणत नव्हतो, याला धावता येत नसणार!"

व्हर्जिलचे कान लालबुंद झाले. मी मात्र दुसरंच बघत होते. त्या जागेजवळचे काही खेळाडू समोर बघत नव्हते. त्यांची नजर आमच्या खांद्यांवरून मागे गेली होती.

"काल हे सगळे सरळ बघत होते," मी म्हणाले.

"कागद वाळताना ओढला जातो," व्हर्जिल म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूने वाऱ्याचा झोत आला. घाम, तंबाखू आणि तापलेल्या धुळीचा वास. पाठोपाठ कपाटावर धाडकन काहीतरी आदळलं आणि आईच्या बशा किणकिणल्या.

"मालगाडी," मी म्हणाले.

"वहिनी, रविवारी कुठली मालगाडी?"

पुन्हा तेच. या वेळी नीट ऐकू आलं. बेसबॉलवाले घालतात तसल्या, तळाला खिळे असलेल्या बुटांची पावलं, स्वयंपाकघरातून धावत येणारी, आणि धाडकन थांबणारी. मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. पण जमिनीवरच्या माझ्या नव्या लिनोलियमवर बारीक भोकांची रांग पडली होती, दारापासून थेट कपाटापर्यंत.

माझं डोकंच फिरलं. "आजोबा! खिळ्यांचे बूट बाहेर काढायची रीत नव्हती का तुमच्यात?"

क्लेटस पांढराफटक पडला. फोटोत आता अर्ध्याहून जास्त संघ आमच्या मागे बघत होता.

आणि मला लख्ख कळलं. फोटो बघणारा उभा राहतो तो कॅमेऱ्याच्या जागी. म्हणजे पळणारा जाणार आपल्या पाठीमागून. आणि आपल्या पाठीमागे आहे आईचं कपाट.

"अरे, त्यांना जायला वाटच नाही!" मी म्हणाले. "व्हर्जिल, कपाट पुढे ओढ."

"तुम्ही दोघं ठार वेडे झालात," क्लेटस म्हणाला.

"तू ती बाजू धर," मी त्याला म्हटलं.

त्याने मुकाट्याने धरली. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माणूस जाईल एवढी वाट आम्ही केली. त्यापायी आम्हीच टेबल आणि कपाटाच्या मध्ये असे चेपलो, की क्लेटसचं कोपर माझ्या बरगडीत आणि व्हर्जिलचं पोट फोटोवर.

पावलं आली. या वेळी आदळली नाहीत. कपाटामागून खडखडत, धापा टाकत, डावीकडून उजवीकडे गेली आणि बैठकीत विरली.

व्हर्जिलने पोट आवरून फोटो बघितला.

उजव्या टोकाला एझ्रा उभा होता. शेजाऱ्याचा हात आता त्याच्या खांद्यावर होता. धावताना कोटाची बटणं तुटली होती आणि आतल्या सदऱ्यावर वीटभट्टीचं नाव स्वच्छ दिसत होतं.

क्लेटसने चष्मा काढून पुसला, परत घातला. "कोरवतो," तो म्हणाला. "सगळ्यांत वर कोरवतो."

व्हर्जिल लहान मुलासारखा रडला. मीही रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"चला, कोंबडी करपेल," मी डोळे पुसत म्हणाले.

"लोरीन," व्हर्जिल म्हणाला. "हे हसत का नाहीत?"

मी वाकले. एवढी गंमत करून गडी पोचला होता, पण एकही जण त्याच्याकडे बघत नव्हता. सगळे अजून आमच्या मागे बघत होते. स्वयंपाकघराच्या दाराकडे.

एझ्राही तिकडेच बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं. हसू नव्हतं ते.

स्वयंपाकघरात पाऊल वाजलं.

खिळे नव्हते या बुटांना. घाईही नव्हती.

"कपाट मागे ढकला," क्लेटस कुजबुजला.

तिघांनी खांदे लावले. कपाट सहज सरकलं.

भिंतीपासून वीतभर अंतर उरलं आणि ते अडलं. भिंतीला लागल्यासारखं नाही.

मऊ लागलं.