रिव्हॉल्व्हरच्या मुठीचा स्क्रू

"माझ्या मालकांनी खून केला न्हाय. पोलिसांना दुसरा कुणी शोधायचाच न्हाय," संघप्रिया म्हणाली.

धाराशिवात खाजगी तपास करणाऱ्या रुद्रेश हत्तुरेनं तिला बसायला सांगितलं. त्याचा सोबती माणिकप्पा, निवृत्त तलाठी, वहीत लिहू लागला.

संघप्रियाचा नवरा प्रेमानंद येरमाळ्यात हायवेला लेथचं दुकान चालवायचा. मंगळवारी दुपारी तिथले बडे बागायतदार उत्तरेश्वर देशमुख आपल्या शेतातल्या घरात गोळी लागून मेले. गोळी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली होती. बुधवारी ते रिव्हॉल्व्हर प्रेमानंदच्या दुकानामागच्या नाल्यात सापडलं. चार दिवसांपूर्वी ते त्याच्याकडंच दुरुस्तीला आलं होतं. पोलिसांना एवढं पुरलं.

रुद्रेश आधी कोठडीत प्रेमानंदला भेटला. प्रेमानंद थोडक्यात बोलला. मुठीचा स्क्रू निघत नव्हता. स्क्रूच्या डोक्यातला सहा कोनांचा खड्डा झिजून गोल झाला होता, चावी नुसती फिरायची. सोमवारी सकाळी त्यानं हॅकसॉ ब्लेडनं डोक्यावर आडवी खाच पाडली, चपट्या पेचकसानं स्क्रू काढला, मूठ नीट बसवली आणि तोच स्क्रू परत लावला. दुपारी रिव्हॉल्व्हर स्वतः नेऊन देशमुखांच्या हातात दिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"पावती घेतली का?"

"देशमुखांकडून पावती मागायची आमची काय बिशाद, साहेब?"

पोलीस ठाण्यात निरीक्षकानं पंचनाम्याचा फोटो नाखुशीनंच दाखवला. गोल झालेल्या खड्ड्यावरून एक खाच आरपार गेली होती. शस्त्र सीलबंद होतं, फोटो त्याच्याच कपाटात. दोन्ही बाहेर कुणाला दाखवलेलं नाही, असं त्यानं ठासून सांगितलं. मग जांभई देत म्हणाला, "कशाला डोकं शिणवता? असल्या लोकांच्या हातात शस्त्र दिल्यावर दुसरं काय होणार?"

मग रुद्रेश आणि माणिकप्पा देशमुखांच्या घरी गेले. स्वयंपाक करणाऱ्या हरणाबाईनं सांगितलं, की रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला देण्याआधी मालक आठवडाभर एल आकाराची चावी त्या स्क्रूत घालून बसायचे आणि चिडायचे. सोमवारी दुपारी ती येडेश्वरीच्या देवळात गेली होती, त्यामुळं कोण आलं-गेलं तिला ठाऊक नव्हतं. गुरुवारी मालक नवं मृत्युपत्र करणार होते, सगळं लेकीच्या, सोनालीच्या नावावर. जुन्या मृत्युपत्रात पुतण्याचा अर्धा वाटा होता.

पुतण्या दिग्विजय दिवाणखान्यात पाय पसरून बसला होता. त्यानं माणिकप्पाला बसायला सांगितलं नाही. रिव्हॉल्व्हर परत आलंच नव्हतं, असं तो म्हणाला. काका रोज त्या लेथवाल्याला शिव्या घालत होते.

"तुम्ही त्याच्या दुकानात जाऊन विचारलं नाही?" रुद्रेशनं विचारलं.

"मी? त्याच्या दुकानाची पायरी मी आयुष्यात चढलो नाही."

"आणि रिव्हॉल्व्हर शेवटचं कधी पाहिलंत?"

"दुरुस्तीला गेलं त्याच्या आदल्या दिवशी. क्षुल्लक काम होतं. खाचेत चपटा पेचकस घालून जरा जोर लावला असता तर मीच काढला असता. काकांना उगाच लोक पोसायची हौस."

रुद्रेशनं आभार मानले. गाडीत माणिकप्पा म्हणाला, "माणूस उद्धट हाय, पण बोलण्यात गडबड न्हाय."

संध्याकाळी पाचला त्यानं सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. दिग्विजय उशिरा आला आणि घड्याळाकडं बघत उभा राहिला.

"दिग्विजय देशमुखांनी सकाळी आम्हाला सांगितलं," रुद्रेश निरीक्षकाला म्हणाला, "की दुरुस्तीला जाण्याआधी त्या स्क्रूला खाच होती. ती नव्हती. हरणाबाईंनी मालकांना आठवडाभर एल आकाराच्या चावीनं खटपट करताना पाहिलंय. चपट्या खाचेला ती चावी कुणी लावत नाही. खड्डा गोल झाला होता, म्हणून तर स्क्रू निघत नव्हता. खाच प्रेमानंदनं सोमवारी पाडली."

निरीक्षकानं फोटो पुन्हा काढून पाहिला.

"म्हणजे यांनी रिव्हॉल्व्हर सोमवारनंतर पाहिलं. कुठं? दुकानात हे कधी गेले नाहीत, ते फार अभिमानानं सांगतात. तुम्ही दाखवलं नाही. उरलं काकांचं घर. म्हणजे ते परत आलं होतं, प्रेमानंद खरं बोलतोय. आणि परत आलंच नाही असं खोटं सांगायची गरज एकालाच होती. मंगळवारी ते घरातून ज्यानं उचललं त्याला."

"एका स्क्रूवरून मला पकडणार?" दिग्विजय म्हणाला. मंगळवारी दुपारी कुठं होता, हे निरीक्षकानं पहिल्यांदाच विचारलं. त्यानं शेजारच्या वाशी तालुक्यातल्या एका मित्राचं नाव घेतलं. निरीक्षकानं तिथल्या तिथं फोन लावला. मित्र गोंधळला आणि सहा महिन्यांत भेट नाही, असं म्हणाला. दिग्विजय बाकावर बसला. शेत हातचं जातंय हे पाहून डोकं फिरलं, एवढंच तो शेवटी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद कोर्टातून बाहेर आला. निरीक्षक संघप्रियाला म्हणाला, "घेऊन जा. सोडलं आम्ही त्याला."

ती जागची हलली नाही.

"सोडलं म्हणू नका, साहेब. चुकून धरलं होतं म्हणा. आणि तसं लिहून द्या, दुकानात लावायचंय."