सहाच्या डोक्यावर टिंब

"प्रिया, माझा सहावा तास घे की. लई डोकं दुखतंय."

"दर मंगळवारीच बरं दुखतं गं तुझं!" बुद्धप्रिया हसली.

"थट्टा नको. सृष्टीला मी गेटवरनं घेते, भेळ देते. तू सही कर."

रुद्राणी बी.एड.पासूनची मैत्रीण. पहिलीतल्या आपल्या लेकीला, सृष्टीला, बुद्धप्रिया दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. बदली तासांच्या वहीत तिने उभ्याउभ्या सही केली. 'तास ६' मधल्या सहाच्या डोक्यावर लाल टिंब होतं, अजून ओलं. पेन गळलं असेल.

नववी ब. मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट. तिने फळ्यावर एकाला सहाने भागलं. सहामागून सहा येत राहिले.

"किती लिहिणार? म्हणून एकच सहा लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर टिंब द्यायचं. टिंब दिलं की तो अंक संपत नाही."

"कधीच, बाई?"

"कधीच."

घंटा झाली. सव्वाचार. मुली उभ्या राहिल्या.

"नमस्ते, बाई."

आणि बसल्या. वह्या उघडल्या. फळा कोरा होता. घड्याळात साडेतीन.

बुद्धप्रिया दारातून बाहेर पडली. पाऊल पडलं ते वर्गातच, फळ्यासमोर. यंत्रमाग मात्र थांबले नव्हते.

पुन्हा तोच भागाकार. पुन्हा घंटा.

"नमस्ते, बाई."

ती खिडकीकडे धावली. खाली गेटवर रुद्राणी सृष्टीचं दप्तर खांद्याला अडकवत होती.

"रुद्रा! मला बाहेर पडता येईना!"

रुद्राणीने वर बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून बघितलं. बोटाची लाल शाई रुमालाला पुसली. मग सृष्टीला घेऊन भराभर चालू लागली.

घंटा.

"नमस्ते, बाई."

गेटवर सृष्टी. वीतभर उंच झालेली, दोन वेण्या. रुद्राणीचा हात घट्ट धरलेला.

घंटा.

सृष्टी सायकलवर. थांबली नाही.

घंटा.

"नमस्ते, बाई."

पहिल्या बाकावर नवी मुलगी. कपाळ, हनुवटी, सगळं बुद्धप्रियाचं.

"नाव काय तुझं?"

"सृष्टी."

"आईचं?"

मुलीने शेजारणीकडे बघितलं.

"रुद्राणी," ती हळू म्हणाली. "तिनं सांगितलंय, ह्या तासाच्या बाईंशी बोलायचं नाही."

आणि खाली बसली.