डाव्या बुटावरचा पट्टा

कुंपणात अडकलेली फार्मची मोटारसायकल. हँडल वाकलेलं.

एका उजव्या बुटाची वितळलेली टाच.

रमच्या वासाचा शर्ट.

व्हरांड्यात ओळीनं काढून ठेवलेले सहा जोड. विलारा फार्मच्या स्वयंपाकघरात बूट घालून कुणी शिरत नाही.

नोरीन हॅगर्टी त्या ओळीपाशी बराच वेळ उकिडवी बसली. आसपासच्या साऱ्या फार्मांचे बूट तीच शिवायची. परवा तिचा भाऊ क्लेम, इथला गुराखी, त्या कुंपणात मेलेला सापडला. ‘दारू पिऊन एकटाच गाडी हाकत होता,’ असं मॅनेजर डूगल क्रॅननं पोलिसांना लिहून दिलं होतं. क्लेमच्या नावावरचा हा डाग ती राहू देणार नव्हती. आणि डाग लावणाऱ्यालाही सोडणार नव्हती.

तिनं ओळीतला एक डावा बूट उचलला आणि आत येऊन क्लेमच्या पायांतून काढलेल्या जोडाबरोबर टेबलावर आपटला.

“अगं बाई, जेवायच्या टेबलावर?” सार्जंट पेट्रीनं चहाचा कप उचलला.

“डूगल, मोटारसायकलवर शेवटचा कधी बसलास?”

नुसत्या मोज्यांत बसलेला क्रॅन हसला. “गुडघा गेल्यापासून नाही. दहा वर्षं झाली.”

“हे तुझे बूट कधी नेलेस?”

“गेल्या ईस्टरला. चावतात मेले. पैसे परत देतेस?”

“गाडी चालवत नाहीस म्हणालास, म्हणून चवड्यावर दुहेरी चामडं लावलं नाही. आठवतंय?”

“बरं मग?”

“पेट्री, हा जोड क्लेमचा. परवा सकाळी पहिल्यांदाच घातलेला. गिअर डाव्या चवड्यानं वर उचलतात. इथून त्या कुंपणापर्यंत चाळीस किलोमीटर गाडी हाकली असती तर काळा पट्टा उमटला असता. डाव्याचं चामडं कोरं आहे. उजवी टाच मात्र वितळलीय. या गाड्यांवर मागच्याला पाय टेकायला जागा नसते, टाच सायलेन्सरवर जाते. क्लेम मागे बसला होता.”

“आणि पुढे?”

तिनं क्रॅनचा डावा बूट पुढे सरकवला. चवड्यावरचं चामडं गिअरनं पार खाल्लेलं होतं.

“कुणीही घातले असतील माझे बूट!”

“बारा नंबरचे? इथे बाकी कुणाचा पाय दहाच्या वर नाही. मापं माझ्याकडे आहेत.”

क्रॅननं मोज्यातले पाय खुर्चीखाली ओढले. “मी प्यालो होतो, नोरीन. तो जागच्या जागी गेला...”

“म्हणून उरलेली रम त्याच्या अंगावर ओतलीस?”

पेट्रीनं बेड्या काढल्या.

“माझे बूट तरी द्या,” क्रॅन म्हणाला. दारापासून पोलिसांच्या गाडीपर्यंत दुपारची तापलेली खडी होती, आणि खडीभर काटे.

“ते आता पुरावा आहेत,” नोरीन म्हणाली. “चाल तसाच.”

पेट्रीनं तिच्याकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं.

परवा सकाळी याच काट्यांनी क्लेमची स्वतःची मोटारसायकल पंक्चर झाली होती, म्हणून तो क्रॅनच्या मागे बसला होता.